फुकटच्या खताचा हिशेब

सकाळी ऐरोलीत खाडीच्या बाजूला फिरायला जाते, तेव्हा आमच्या इमारतीतले एक निवृत्त इंजिनिअर सोबत असतात. वाचन दांडगं, बोलणं मोजकं. गेल्या महिन्यात ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, "मॅडम, कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं अन्न. हवेत तो वाढला तर पिकं जोमाने वाढणार, धान्य जास्त होणार. शेतकऱ्याला हवेतून फुकट खत मिळतंय म्हणा ना. मग पैशांच्या हिशेबात हा फायदाच नाही का?"

मी तीस वर्षं ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. आजोळ मुरबाड तालुक्यातलं, मामेभाऊ आजही तिथे भात लावतो. त्यामुळे हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्या दिवशी त्यांना दिलेलं उत्तर अर्धवट होतं. आज नीट देते. फायदा खरा आहे, पण ज्याच्या खाचरात तो पिकतो त्याच्या घरात तो राहत नाही. तोटा मात्र थेट त्याच्याच बांधावर येतो. आणि त्या तोट्याचा एक मोठा भाग तर आपल्या तराजूला दिसतच नाही.

आधी त्यांच्या बाजूने जे खरं आहे ते. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे साधारण 280 भाग होते. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ते 315 च्या आसपास होते, आता 420 च्या पुढे गेलेत. भात, गहू, सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा या पिकांना याचा उपयोग होतो. त्यांच्या पानांतलं रुबिस्को नावाचं विकर हवेतून कार्बन पकडतं, पण त्याच्या हाताला कार्बनऐवजी ऑक्सिजनही लागतो आणि मेहनत वाया जाते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही चूक कमी होते. शिवाय पानांवरची रंध्रं कमी उघडावी लागतात, म्हणून पाणीही वाचतं. काचगृहात टोमॅटो पिकवणारे लोक मुद्दाम नळ्यांनी हा वायू आत सोडतात, ते काही वेडे नाहीत.

पण काचगृहात पाणी मोजून, खत मोजून, तापमान बांधून दिलेलं असतं. उघड्या शेतावर काय होतं हे पाहायला शास्त्रज्ञांनी अमेरिका, जपान, चीनमध्ये पिकाभोवती नळ्यांचं कडं उभारून त्यातून वायू सोडला. वरून आकाश मोकळं, वारा मोकळा. 2006 साली या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. वायू 550 पर्यंत नेला तर भात, गहू, सोयाबीन यांचं उत्पादन 12 ते 14 टक्क्यांनी वाढलं. बंदिस्त जागेतल्या जुन्या प्रयोगांत जी वाढ दिसायची, तिच्या जेमतेम निम्मी. अमेरिकेत इलिनॉयच्या शेतात सोयाबीनवर हाच प्रयोग बरीच वर्षं चालला. तिथे असं दिसलं की कोरड्या आणि तापलेल्या वर्षी हा फायदा उरतच नाही. मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याला कोरडं, तापलेलं वर्ष म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको.

आणि सगळ्या पिकांना हा लाभ आहे असंही नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नाचणी, वरी ही पिकं वेगळ्या बांधणीची. त्यांनी कार्बन साठवून वापरायची युक्ती फार पूर्वीच साधलेली असल्याने हवेत तो वाढला काय, न वाढला काय, त्यांना फारसा फरक पडत नाही. पाणी कमी पडलं तर थोडी मदत होते, एवढंच. आता मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारावर बघा. खाली खाचरात भात, वर वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. वरकस कोणाची? बहुतेक ठाकर आणि कातकरी कुटुंबांची. म्हणजे हे फुकटचं खत वाटताना सगळ्यात गरीब माणसाचं शेत वगळलेलं आहे.

आता माझ्या विषयाकडे येते. मागणीची लवचिकता हा धडा मी फळ्यावर कांदा काढून शिकवायचे. कांदा स्वस्त झाला म्हणून घरात कोणी दुप्पट कांदा खात नाही. त्यामुळे पीक थोडं जास्त आलं की भाव थोडा नाही, धाडकन पडतो, आणि जास्त पिकवणाऱ्याच्या हातात आधीपेक्षा कमी पैसे येतात. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला ज्याने गाडी लावली आहे त्याला हे सूत्र न शिकता पाठ असतं. धान्याचंही तेच.

एखाद्या शेतकऱ्याने चांगलं बियाणं आणलं, शेजाऱ्याने आणलं नाही, तर पहिल्याचा फायदा होतो. पण हवा सगळ्यांची एकच. कार्बन डायऑक्साइड मुरबाडात वाढतो तेवढाच पंजाबात, थायलंडमध्ये, व्हिएतनामात वाढतो. सगळ्यांचं भात एकदम वाढलं तर सगळ्यांचा भाव एकदम उतरणार. खाणाऱ्याचा फायदा, पिकवणाऱ्याचा नाही.

यावर कोणी म्हणेल, हमीभाव आहे की. आहे. 2025-26 च्या खरिपासाठी साध्या भाताला क्विंटलला 2369 रुपये. पण हमीभाव ठरवताना आधार धरतात तो क्विंटलमागच्या उत्पादनखर्चाचा. एकरी उतारा वाढला की क्विंटलमागचा खर्च कमी दिसतो आणि पुढच्या वर्षीची वाढ त्याच मापाने आखडते. हवेने दिलेलं सूत्राने काढून घेतलं.

तरी क्षणभर धरून चालू की भाव पडणार नाही. समजा, एकरी 15 क्विंटल भात होतं. हमीभावाने त्याचे 35,535 रुपये. त्यात 12 टक्के वाढ म्हणजे 1.8 क्विंटल, म्हणजे 4264 रुपये. बरी रक्कम वाटते. पण ही वाढ 550 च्या हवेतली. आत्ताच्या वेगाने, वर्षाला अडीच भाग धरले, तर तिथे पोचायला साधारण पन्नास वर्षं लागतील. शिवाय तिच्यातला काही हिस्सा आजवर मिळून गेलेला आहे, कारण ते प्रयोग सुरू झाले तेव्हा हवेत हा वायू आजच्यापेक्षा कमी होता. म्हणजे दर वर्षी एकरी वाढ 85 रुपयांहूनही कमी. लावणीला आलेल्या एका बाईची एका दिवसाची मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. आणि तणही त्याच हवेत वाढतं, तेही जोमाने. बेणणीची एक पाळी वाढली तर 85 रुपये गेले कुठल्या कुठे.

2013 साली अमेरिकेत एक अहवाल निघाला होता. 1961 ते 2011 या पन्नास वर्षांत वाढत्या कार्बन डायऑक्साइडने जगाच्या शेतीला 3.2 लाख कोटी डॉलरचा फायदा करून दिला, असं त्यात मांडलं होतं. आमच्या इंजिनिअर शेजाऱ्यांनी ऐकलेल्या गोष्टींचं मूळ अशाच मांडणीत आहे. त्या हिशेबात 45 पिकं आहेत, त्यांचं वाढीव उत्पादन आहे, भाव आहेत. खर्चाची बाजू मात्र त्यात नाही. अकरावीतल्या मुलाने माझ्यापुढे फक्त जमा दाखवणारा ताळेबंद ठेवला असता, तर मी तो तपासायलाही घेतला नसता.

ती दुसरी बाजू मी 2019 च्या भाऊबीजेला डोळ्यांनी पाहिली. त्या वर्षी अरबी समुद्रात एकापाठोपाठ एक पाच चक्रीवादळं झाली. दिवाळीत 'क्यार' आलं. किनाऱ्याला ते धडकलं नाही, पण कोकणात पाऊस थांबेना. हळवं, म्हणजे लवकर येणारं भात केव्हाच कापणीला आलेलं, मधल्या मुदतीचं निमगरवंही तयार. मामेभावाने ऊन बघून कापून ठेवलं होतं, शेतात पसरलेलं. मी ओवाळायला गेले तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा होता. त्याने एक मूठ उचलून माझ्या हातात दिली. लोंब्या एकमेकींना चिकटलेल्या. मटकीला येतात तसे पांढरे मोड प्रत्येक दाण्याला. वहिनीने ओटीवर पंखा लावून त्याखाली जमेल तेवढ्या लोंब्या पसरल्या होत्या आणि साऱ्या घराला आंबूस वास येत होता. "ताई, ह्याचा भात व्हायचा नाही आणि पेंढाही गुरं खायची नाहीत," एवढंच तो म्हणाला. मग आम्ही ओवाळणी केली.

एका वादळाचं खापर एका वायूवर फोडता येत नाही, हे मला कळतं. पण समुद्र तापला आहे, आणि हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. जो वायू खत म्हणून मिरवला जातो, तोच हे तापमान वाढवतो. खत आणि ताप या एकाच पोत्यातल्या वस्तू आहेत. एक घेतली, दुसरी परत केली, असा सौदा इथे होत नाही.

तापाचा हिशेबही झालेला आहे. 2017 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून आलेले आकडे असे आहेत: सरासरी तापमान एक अंशाने वाढलं तर मक्याचं उत्पादन 7.4 टक्क्यांनी, गव्हाचं 6 टक्क्यांनी, भाताचं 3.2 टक्क्यांनी आणि सोयाबीनचं 3.1 टक्क्यांनी घटतं. भाताला तर रात्रीचा उकाडा अधिक बाधतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या नोंदींवरून 2004 साली असं दाखवलं गेलं की तिथल्या कोरड्या हंगामात रात्रीचं तापमान एक अंश वाढलं की भात 10 टक्क्यांनी कमी येतं. फुलोऱ्याच्या दिवसांत पारा 35 च्या वर गेला तर परागकण निकामी होऊन दाणे पोचट राहतात. आणि मघाशी म्हटलं ना, जास्त कार्बनमध्ये रंध्रं कमी उघडतात, पाणी वाचतं? त्याच कारणाने पानांचं बाष्पीभवन घटतं आणि पीक आतून आणखी तापतं. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने घेतलं जातं ते असं, एकाच पानात.

आपल्या देशापुरतं बोलायचं तर 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत स्पष्ट लिहिलं आहे की हवामानबदलाने शेतीचं उत्पन्न सरासरी 15 ते 18 टक्क्यांनी आणि कोरडवाहू भागात 20 ते 25 टक्क्यांनी घटू शकतं. मुरबाडचा भातशेतकरी पावसावरचाच आहे. 2022 च्या मार्चमधल्या उष्णतेने उत्तरेकडचा गहू बारीक पडला आणि 13 मे रोजी सरकारला निर्यात थांबवावी लागली. 2023 च्या जुलैत बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद झाली. निर्यात बंद होते ती शहरातल्या माणसाला महागाई लागू नये म्हणून. पीक पडलं की भाव चढतो, पण तो चढताना दिसला की दार लावलं जातं. म्हणजे जास्त पिकलं तर भाव पडून शेतकऱ्याला तोटा, आणि कमी पिकलं तर भाव रोखून पुन्हा त्यालाच तोटा. ऐरोलीत राहून तांदूळ विकत घेणारी मी या दोन्ही वेळी फायद्यात असते. हे लिहिताना मला ते विसरता येत नाही.

पीक विम्याचंच बघा. 2023 पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याला एक रुपयात विमा होता, 2025 मध्ये ती सोय गेली आणि खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा त्याच्याकडे आला. जोखीम वाढत असताना तिचा भार कोणी उचलायचा, हा खरा आर्थिक प्रश्न आहे. त्याच्याकडे बघायचं सोडून आपण फुकटच्या खताचं कौतुक करत बसतो.

आता ज्या तोट्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो. मे महिन्यात वर्षाचा तांदूळ भरायला मी वाशीला धान्य बाजारात जाते. जुने लोक त्याला अजून दाणा बंदरच म्हणतात. व्यापारी पोत्यातून मूठभर तांदूळ काढतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारून भुसा उडवतो. कणी किती, लांबी किती, पांढरेपणा कसा, जुना आहे की नवा, सगळं बघतो. मग एक दाणा दाताखाली फोडतो, तो ओलावा कळायला. एवढ्यावर भाव ठरतो. ही माणसं आपल्या कामात तरबेज आहेत. पण दाण्यात जस्त किती, लोह किती, प्रथिनं किती, हे कोणाच्याही दाताला कळत नाही, आणि म्हणून त्याला भावही नाही.

आणि नेमकं तेच कमी होतंय. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वायू 546 ते 586 च्या दरम्यान नेल्यावर, गव्हातलं जस्त 9.3 टक्क्यांनी, लोह 5.1 टक्क्यांनी आणि प्रथिनं 6.3 टक्क्यांनी घटली. तांदळातली प्रथिनं 7.8 टक्क्यांनी. 2018 साली चीन आणि जपानमध्ये भाताचे 18 वाण तपासले, तेव्हा ब गटातली जीवनसत्त्वंही घटलेली आढळली. ब-1 17 टक्क्यांनी आणि फोलेट तर 30 टक्क्यांनी. रोप कार्बन भरपूर घेतं, त्याचा स्टार्च होतो, दाणा भरतो, पण जमिनीतून येणारं बाकीचं त्या मानाने येत नाही. वजन भरलेलं असतं. तराजू खूश, व्यापारी खूश, आणि ताटात बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र कमी अन्न.

ज्या घरात डाळ, दूध, अंडी, मासे आहेत, तिथे तांदळातलं लोह थोडं कमी झाल्याने बिघडत नाही. ज्या घरात भात आणि मीठ-मिरचीचं कालवण एवढंच जेवण, तिथे बिघडतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांना आणि 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. हे आजचं आहे, कार्बन डायऑक्साइडने केलेलं नाही. पण आधीच रिकाम्या असलेल्या भांड्याला आणखी एक भोक पडतंय, आणि त्याची किंमत कुठल्याच ताळेबंदात लिहिलेली नाही. रक्तक्षय असलेली बाई लावणीच्या ओळीत मागे पडते, मूल शाळेत मागे पडतं. हे उत्पन्नाचंच नुकसान आहे, फक्त ते वीस वर्षांनी दिसतं.

एक किंमत मात्र कागदावर आहे. रेशनच्या तांदळात लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि ब-12 घातलेले कृत्रिम दाणे मिसळण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2024 मध्ये, 2028 च्या डिसेंबरपर्यंतच्या पुरवठ्याकरता, 17,082 कोटी रुपये मंजूर केले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ते दाणे निवडून फेकायच्या. "बाई, रेशनवाला प्लास्टिक मिसळतो," म्हणायच्या. मी त्यांच्यासमोर ते दाणे शिजवून दाखवले, तेव्हा कुठे पटलं. त्या दाण्यांत जस्त नाही, प्रथिनं नाहीत. म्हणजे जे दोन घटक हवेमुळे घटत जाणार, त्यांची भरपाई त्यातून होत नाही. खत फुकट असेल, पण ते घेतल्याचं बिल असं कुठून तरी येतंच.

मग करायचं काय? मला दोन गोष्टी तातडीच्या वाटतात. पहिली, वाण निवडताना आणि खरेदी करताना दाण्यातलं पोषण मोजा आणि त्याला पैसे द्या. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने जास्त जस्ताचा डीआरआर धान 45 हा वाण 2016 सालीच दिला. कटकच्या संस्थेचा जास्त प्रथिनांचा सीआर धान 310 आहे. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन कर्जतला चालतं, मुरबाडपासून फार लांब नाही. तिथे कोकणच्या वाणांची परीक्षा उद्याच्या हवेत, उद्याच्या रात्रींत झाली पाहिजे, उताऱ्यासोबत जस्त-लोह-प्रथिनांचीही. आणि सरकारी खरेदीत अशा भाताला क्विंटलमागे वेगळा, जास्त दर हवा. शेतकरी पोषणासाठी नव्हे, भावासाठी वाण बदलतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट नाचणीची. मी वर म्हटलं की नाचणी-वरीला वाढत्या कार्बनचा फायदा नाही. त्याची दुसरी बाजूही आहे. मका-ज्वारी या त्याच बांधणीच्या पिकांचं प्रयोगांत लोह-जस्त फारसं घटलं नाही. जे मिळालं नाही ते गमावलंही नाही. नाचणीचा हमीभाव 2025-26 साठी 4886 रुपये आहे, भाताच्या दुपटीहून जास्त. पण जाहीर झालेला भाव आणि डोंगरपाड्यावरच्या ठाकराच्या हातात पडलेला भाव यात बराच रस्ता आहे. काटा, पोती, गोदाम आणि वेळेवर पैसे यांनीच तो रस्ता संपतो. अंगणवाडीत आणि शाळेच्या पोषण आहारात ठाणे जिल्ह्याची नाचणी ठाणे जिल्ह्यातच घेतली, तर त्याला वाशीला यायचीही गरज पडणार नाही.

आमच्या शेजाऱ्यांना मी हे सगळं टप्प्याटप्प्याने सांगितलं, चार-पाच सकाळी लागल्या. ते ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचे मामेभाऊ काय करतायत?"

मामेभावाने गेली चार-पाच वर्षं पडीक ठेवलेल्या वरकसावर यंदा नाचणी लावली. बियाणं वरच्या पाड्यावरच्या ठाकराकडून, दोन पायली. परवा त्याचा फोन आला. "ताई, झोडून झाली. साडेतीन मण उतरली. मुरबाडचा दुकानदार पडेल भावात मागतोय. वाशीत कोणी घेईल का बघ ना." त्याने किलोभर नमुना एसटीने येणाऱ्या ओळखीच्या माणसासोबत पाठवला आहे. स्टीलच्या डब्यात भरून ठेवला आहे. उद्या सकाळी फिरायला न जाता दाणा बंदरात जाणार आहे, शेजारी म्हणालेत, तेही येतात.